पायपेटी आणि प्रेमकथा : हार्डीच्या एका हलक्याफुलक्या कादंबरीचा इतिहास

थॉमस हार्डी हे नाव उच्चारले की आपल्याकडच्या इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यासमोर जे काही उभे राहते ते काळोखे असते. फासावर गेलेली टेस, बायकोला जत्रेत विकणारा हेंचर्ड, जूडच्या घरातली ती मेलेली मुले. नियती, योगायोग, अटळ शोकांतिका असे चारदोन शब्द हाताशी ठेवले की परीक्षेतले हार्डीवरचे उत्तर बहुधा निभावून जाते. याच हार्डीने १८७२ साली, वयाच्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर, एक अशी कादंबरी प्रसिद्ध केली की जिच्या शेवटी लग्न लागते, गाव नाचते आणि वाचक हसत हसत पुस्तक मिटतो. 'अंडर द ग्रीनवुड ट्री' हे तिचे नाव. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मधल्या एका गाण्यावरून ते घेतलेले आहे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला बहुतेक एकच वाक्य येते : 'लेखकाची सुरुवातीची प्रसन्न ग्रामीण कलाकृती'. या एका वाक्यात ती कादंबरी मावत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती प्रसन्न आहे यात शंकाच नाही. प्रश्न असा, की ही प्रसन्नता कशातून घडली, आणि तिच्या उजेडात गावाचा कोणता भाग दिसतो व कोणता अंधारात राहतो?

आधी कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ही कादंबरी आता फारशी वाचली जात नाही. मेलस्टॉक नावाचे एक लहानसे गाव. नाताळच्या आदल्या रात्री गावातली वादकमंडळी घरोघर जाऊन धार्मिक गाणी म्हणायला निघतात. रूबेन ड्यूई हा या मंडळींचा म्होरक्या. घोडागाडीतून लोकांचे सामान भाड्याने वाहून नेणे हा त्याचा धंदा. म्हातारा बाप विल्यम आणि तरुण मुलगा डिक हेही ताफ्यात आहेत. गाता गाता मंडळी शाळेपाशी येतात. खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात नवी शिक्षिका दिसते आणि डिकचे भान हरपते. फॅन्सी डे हे तिचे नाव. जमीनदाराच्या जंगलाची आणि शिकारीची राखण करणाऱ्या जेफ्री डेची ही एकुलती एक, शिकलेली, दिसायला देखणी आणि ते पुरेपूर ठाऊक असलेली मुलगी. डिकखेरीज तिच्यावर आणखी दोघांचा जीव जडतो : शायनर नावाचा पैसेवाला शेतकरी आणि मेबोल्ड नावाचा नवा तरुण पाद्री. गाडीवानाचा मुलगा, धनिक आणि विद्वान अशा तिघांतून ती अखेर गाडीवानाच्या मुलाला वरते.

हा साचा वाचकांना ओळखीचा वाटेल. इंग्रजीत आजही लहान गावात घडणाऱ्या सुखान्त प्रेमकादंबऱ्या निघत असतात. त्यांतही शाळा, टपाल कचेरी किंवा बेकरी चालवणारी एक तरुणी असते, दोन-तीन उमेदवार असतात, आणि सगळ्यांवर टीकाटिप्पणी करणारा, थोडा विक्षिप्त पण मनाने चांगला असा गाव असतो. हार्डीने हा साचा जन्माला घातला असे म्हणता येणार नाही. मेरी रसेल मिटफर्डची 'अवर व्हिलेज' ही शब्दचित्रे १८२४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली होती. जॉर्ज इलियटने 'ॲडम बीड'मध्ये (१८५९) साध्या माणसांच्या चित्रणाची बाजू मांडताना जुन्या डच चित्रकारांचा दाखला दिला होता. हार्डीने आपल्या कादंबरीला 'डच शैलीतले एक ग्रामीण चित्र' अशा अर्थाचे उपशीर्षक दिले, ते या पार्श्वभूमीवर. पण हार्डीच्या या प्रेमकथेत एक वेगळीच गोष्ट आहे. तिचे मूळचे नियोजित शीर्षक प्रेमिकांविषयी नव्हतेच. ते होते 'द मेलस्टॉक क्वायर', म्हणजे मेलस्टॉकचा वादकताफा. कादंबरीत एक लग्न जुळते हे खरे, पण त्याच वेळी एक संगीत बंद पडते, आणि ज्या हातांनी ते बंद पडते ते नायिकेचेच हात असतात.

त्या काळच्या इंग्लंडातील खेडेगावांच्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या भिंतीला लागून लाकडी सज्जा असे. त्या सज्ज्यात गावातलेच चांभार, गवंडी, सुतार, गाडीवान व्हायोलिन, चेलो, कधी क्लॅरिनेट घेऊन बसत आणि प्रार्थनेच्या वेळी वाजवत. यांना पगार नसे. नाताळात घरोघरी फिरून जे काही मिळे त्यातून तारा, राळ आणि स्वरलिपीचा कागद यांचा खर्च कसाबसा निघे, असे हार्डीने १८९६ च्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून हे ताफे एकामागून एक बंद पडत गेले. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या धर्मसुधारणेच्या चळवळीने तरुण पाद्र्यांच्या मनात शिस्तबद्ध, गंभीर, सुबक उपासनेची ओढ निर्माण केली. सज्ज्यातले हे ओबडधोबड वादक त्या सुबकपणात बसत नव्हते. रात्री लग्नघरी नाचाचे सूर छेडणारे व्हायोलिन सकाळी देवापुढे कसे चालेल? त्याच्या जागी एकच माणूस वाजवू शकेल असे वाद्य आले. कुठे बॅरल ऑर्गन, कुठे हार्मोनियम, कुठे पायाने भाता हलवून वाजवायचा लहान ऑर्गन. मराठी वाचकाला हे शेवटचे वाद्य वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीचे हे जवळचे भावंड. ज्या पेटीने आपल्याकडे सारंगीला हळूहळू मागे सारले, आणि जिच्यावर पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली, तिच्या कुळातल्याच एका वाद्याने इंग्लंडच्या खेड्यांतली व्हायोलिने गप्प केली, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

मेलस्टॉकच्या चर्चमध्ये ऑर्गन आणायचा ठरतो आणि तो वाजवणार असते फॅन्सी. पाद्री नवा आहे, त्याला सुधारणा हवी आहे. पण ऑर्गनचा आग्रह धरतो तो चर्चचा कारभारी या नात्याने शायनर, कारण फॅन्सीने सर्वांसमोर बसून वाजवावे अशी त्याची हौस. पाद्र्यालाही ते मनातून गोड वाटते. म्हणजे एका जुन्या प्रथेचा अंत कोणत्या तात्त्विक वादातून होत नाही. तीन पुरुष एका मुलीवर भाळले आहेत, आणि त्यातल्या दोघांच्या हातात चर्चचा कारभार आहे, एवढेच. येथे हार्डीतला इतिहासकार हार्डीतल्या विनोदकाराच्या खांद्यावर बसला आहे. ज्याला आपण सांस्कृतिक स्थित्यंतर असे भारदस्त नाव देतो, ते प्रत्यक्ष गावात कोणाच्या तरी कुरळ्या केसांमुळे सहा महिने अलीकडे येते किंवा पलीकडे जाते.

ताफ्याचे शिष्टमंडळ पाद्र्याला भेटायला जाते तो प्रसंग विनोदासाठी प्रसिद्ध आहे. मंडळी दाराशी घुटमळतात, आत गेल्यावर बिचकतात, भोळसट लीफला सोबत घ्यावे की नाही यावर खल करतात. पण त्यांची मागणी काय आहे ती पाहा. आम्हाला काढू नका, असे ते म्हणतच नाहीत. जायचे तर आहेच. मात्र एखाद्या बिननावाच्या, कोणाच्या ध्यानातही न राहणाऱ्या रविवारी आम्हाला विझू देऊ नका, नाताळासारख्या मोठ्या सणाला वाजतगाजत जाऊ द्या, एवढेच रूबेनचे म्हणणे. घासाघीस होऊन मायकेलमस, म्हणजे २९ सप्टेंबरचा सण, ठरतो. मंडळी समाधानाने घरी परततात. पाद्री माणूस बरा आहे, असेही त्यांचे मत होते. हा प्रसंग वर्गात शिकवताना केवळ 'हार्डीची ग्रामीण पात्रे आणि त्यांचा विनोद' या मथळ्याखाली टाकून देणे अन्यायाचे आहे. पराभव ठरलेला असताना पराभवाची तारीख तरी आपण ठरवावी, तिला नाव असावे, ही मागणी हसण्यासारखी आहे खरी. पण ज्यांच्या हाती दुसरे काहीच उरलेले नसते त्यांची मागणी अनेकदा अशीच असते.

आणि मग तो रविवार येतो. फॅन्सी पिसाची टोपी घालून, केस मोकळे सोडून ऑर्गनपाशी बसते. ताफ्यातली माणसे सज्ज्यात नसून खाली, आपापल्या बायकांशेजारी, चर्चभर विखुरलेली असतात. आयुष्यात जवळजवळ पहिल्यांदाच त्यांना प्रार्थनेच्या वेळी काही काम नसते, आणि आपल्या हातांचे काय करावे ते त्यांना उमजत नाही. त्या दिवशी चर्चला न येता रानात जावे, असा विचार रूबेनच्या मनात आलेला असतो, पण म्हाताऱ्या विल्यमला तो पटत नाही. हार्डी या ठिकाणी फार थांबत नाही. दोन-तीन वाक्यांत हात रिकामे झालेली माणसे दाखवतो आणि पुन्हा फॅन्सीकडे वळतो. कादंबरी प्रेमकथेची आहे, तिला पुढे जायचे आहे.

हे हात कोणाचे होते? येथे चरित्राकडे वळावे लागते, आणि ते वळण येथे अवांतर नाही. मेलस्टॉक म्हणजे डॉर्सेट परगण्यातले स्टिन्सफर्ड, हार्डीचे जन्मगाव हायर बॉकहॅम्प्टन ज्या चर्चच्या हद्दीत येते ते. हार्डीचे आजोबा १८०१ च्या सुमारास तेथे राहायला आले. चर्चमधल्या वादनाची दशा पाहून त्यांनी नवा ताफा उभा केला आणि १८३७ साली मरेपर्यंत ते त्यात चेलो वाजवत राहिले. वडील आणि चुलते व्हायोलिन वाजवत. आईने वडिलांना पहिल्यांदा पाहिले ते या सज्ज्यातच, वाजवताना. पुढे हार्डीने त्यावर कविताही लिहिली. आजोबा वारले त्याच वर्षी आर्थर शर्ली नावाचा नवा, सुधारणावादी पाद्री तेथे आला, आणि १८४१-४२ च्या सुमारास ताफा बंद झाला. हार्डीचा जन्म २ जून १८४० चा. म्हणजे ज्या संगीतावर त्याने कादंबरी लिहिली ते त्याने कळत्या वयात कधी ऐकलेच नव्हते. त्याच्यापर्यंत आल्या त्या घरात राहिलेल्या वह्या, वडिलांकडून शिकलेले व्हायोलिन आणि जुन्या आठवणी.

पण घरात दुसरीही बाजू होती. हार्डीची धाकटी बहीण मेरी सॉल्झबरीच्या अध्यापिका विद्यालयात शिकली आणि १८६० च्या दशकात बर्कशरमधल्या डेंचवर्थ या खेड्यात शिक्षिका झाली. तेथे तिला चर्चमधला ऑर्गनही वाजवावा लागे. म्हणजे आजोबा-वडिलांचे व्हायोलिन आणि बहिणीचा ऑर्गन अशा दोन्ही बाजू एकाच कुटुंबात होत्या. ही गोष्ट लक्षात घेतली की फॅन्सीविषयीचा लेखकाचा मऊपणा समजतो. ती नटवी आहे, थोडी स्वार्थी आहे, पण खलनायिका नाही. जुन्या संगीताविषयी एवढे ममत्व असलेल्या लेखकाने ते संपवणाऱ्या मुलीला दुष्ट केले असते तर ते सोपे झाले असते. त्याला ते करता आले नाही, कारण अशी मुलगी कुठून येते हे तो घरातच पाहत होता. गाडीवानाच्या, गवंड्याच्या, राखणदाराच्या घरातून शिकून वर येणाऱ्या मुलींपुढे तेव्हा एकच रस्ता होता : शाळा, आणि शाळेच्या जोडीला चर्चमधली पेटी.

फॅन्सी ही अध्यापिका विद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी आहे, क्वीन्स स्कॉलर म्हणून तिचे नाव वर आलेले आहे, असे तिचा बाप अभिमानाने सांगतो. या शिष्यवृत्त्या १८४६ च्या शिक्षणविषयक सरकारी आदेशांनंतर सुरू झाल्या. स्टिन्सफर्डचा ताफा तर त्याआधीच संपलेला. म्हणजे कादंबरीतले जग एकाच वेळी १८४० चे आहे आणि १८६० चेही. हार्डीने कुठे साल सांगितलेले नाही. वडिलांच्या तरुणपणीचे वादक आणि बहिणीच्या पिढीची शिक्षिका यांना त्याने एका गावात, एका वर्षाच्या ऋतुचक्रात समोरासमोर उभे केले. काटेकोर इतिहासाच्या दृष्टीने ही चूक म्हणावी लागेल. पण दोन पिढ्यांत पसरलेली एक प्रक्रिया वाचकाला डोळ्यांनी दिसेल इतकी जवळ आणायची, तर कादंबरीकाराला दुसरा मार्ग कोणता?

आता त्या हलकेपणाकडे येऊ. हार्डीची पहिली कादंबरी 'द पुअर मॅन अँड द लेडी' छापलीच गेली नाही. तीत वर्गभेदावर तिखट उपहास होता. ती वाचणाऱ्या प्रकाशकांना आणि त्यांच्या सल्लागारांना हा उपहास पेलला नाही, खेड्यातले प्रसंग मात्र आवडले. जॉर्ज मेरेडिथनेही त्याला ती तशी छापू नये असा सल्ला दिला. दुसरी, 'डेस्परेट रेमेडीज', १८७१ साली निघाली ती लेखकाने स्वतः पंचाहत्तर पौंड भरून. रहस्य, गुन्हे, लपवाछपवी असा सगळा मसाला तीत होता. 'स्पेक्टेटर'ने तिच्यावर इतकी कडक टीका केली की कुरणाच्या कुंपणाच्या पायरीवर बसून ती वाचताना आपल्याला मरून जावेसे वाटले, असे हार्डीने पुढे सांगितले आहे. या दोन अनुभवांनंतरची ही तिसरी कादंबरी. बोचणारे काढून टाकले, भडक काढून टाकले, जे सर्वांना आवडले होते तेवढेच ठेवले. पहिल्या, नाकारलेल्या हस्तलिखितातले काही ग्रामीण प्रसंग तीत उतरले असावेत असे अभ्यासक मानतात. टिन्स्ली या प्रकाशकाने तीस पौंडांत तिचे सर्व हक्क घेतले. पुढे नाव झाल्यावर हार्डी ते परत मागायला गेला तेव्हा त्याने तीनशे मागितले.

तेव्हा या कादंबरीचे हसू निरागस नाही. बाजाराने काय चालेल हे आधी सांगितले होते, आणि एका बुद्धिमान, दुखावलेल्या तरुणाने ते ऐकले होते. यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. परंतु त्यामुळे काय गाळले गेले ते पाहिले पाहिजे.

ज्या वर्षी ही कादंबरी निघाली त्याच वर्षी, १८७२ मध्ये, वॉरिकशरमधल्या खेड्यात जोसेफ आर्च या शेतमजुराने सभा घेतली आणि काही महिन्यांतच शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. डॉर्सेटच्या मजुरांची मजुरी इंग्लंडातल्या सर्वांत कमी मजुरींपैकी होती. मेलस्टॉकपासून थोड्याच मैलांवर टॉलपडल हे गाव. तेथल्या सहा मजुरांनी संघटना बांधण्याची शपथ घेतली म्हणून १८३४ साली डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने त्यांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली आणि ऑस्ट्रेलियाला पाठवले. ताफा जेव्हा सज्ज्यात बसून वाजवत होता तेव्हाच ही घटना घडली. कादंबरीत तिचा मागमूस नाही. कारण उघड आहे. मेलस्टॉकच्या कथेत शेतमजूर जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते गाडीवान, चांभार, राखणदार, म्हणजे गावातला स्वतःचा धंदा असलेला मधला थर. यांच्यापैकी अनेकांची घरे तीन आयुष्यांच्या पट्ट्यावर असत. पट्ट्यात नोंदलेली तिन्ही माणसे वारली की घर जमीनदाराकडे जाई. हार्डीचे स्वतःचे घर असेच होते. या थराचे उखडले जाणे हा पुढे त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांचा विषय झाला. १८८३ साली 'लाँगमन्स मॅगझिन'मध्ये त्याने डॉर्सेटच्या मजुरांवर जो निबंध लिहिला त्यात तर आर्चच्या भाषणाचीही आठवण आहे. ग्रीनवुडच्या झाडाखाली मात्र हे वारे पोहोचत नाही.

एका ठिकाणी मात्र ते पोहोचू शकले असते, आणि तो प्रसंग माझ्या मते संपूर्ण कादंबरीतला सर्वांत बोलका आहे. जेफ्री डे डिकला नकार देतो. मुलीला एवढे शिकवले, पैसा साठवला, तो गाडीवानाच्या घरी देण्यासाठी नव्हे. फॅन्सी गावात चेटकीण म्हणून बदनाम असलेल्या एलिझाबेथ एंडरफील्डकडे जाते. म्हातारी मंत्रतंत्र काही करत नाही. ती एक साधी युक्ती सांगते : जेवण सोड. फॅन्सी जेवणे सोडते, वाळत जाते, ती दुकानातून काही खरेदीच करत नाही ही बातमी बापाच्या कानी पडते, आणि बाप विरघळतो. लग्नाला परवानगी मिळते. वाचक हसतो. आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. १९०२ साली रायडर हॅगर्डने शेतीच्या स्थितीविषयी विचारले तेव्हा हार्डीने उत्तरात आपल्या लहानपणी ओळखीच्या असलेल्या एका मेंढ्या राखणाऱ्या पोराची हकीकत लिहिली. ते पोर उपासमारीने मेले, आणि मृत्यूनंतर तपासले तेव्हा त्याच्या पोटात कच्च्या सलगमाखेरीज काही निघाले नाही. म्हणजे कादंबरी लिहिताना हार्डीला ठाऊक होते की त्याच्या गावात उपास म्हणजे काय. तेथली भूक त्याने प्रेमिकेच्या युक्तीत रूपांतरित केली. ज्या मुलीच्या ताटात अन्न आहे तिलाच ते नाकारता येते, आणि तिच्याच न जेवण्याची बातमी होते. हे लेखकाच्या मनात होते का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. मनातले सांगता येत नाही. पण दोन्ही भुका त्याच्या ओळखीच्या होत्या, आणि त्यांतली कोणती पुस्तकात येऊ शकते हे त्या पुस्तकाच्या जातीने ठरवले.

पाद्र्याचेही असेच. खऱ्या शर्लीने ताफा मोडला तेवढेच नव्हे. १८५६ च्या सुमारास, हार्डी एका वास्तुविशारदाकडे उमेदवारी करू लागला तेव्हा, खालच्या थरातल्या मुलांनी असल्या व्यवसायांत शिरण्याचा आगाऊपणा करू नये असे प्रवचन त्याने व्यासपीठावरून दिले, आणि ते हार्डी व त्याच्या आईने समोर बसून ऐकले, असे चरित्रकार सांगतात. हा अपमान हार्डी विसरला नाही. कादंबरीतला मेबोल्ड मात्र सौम्य, देखणा आणि प्रामाणिक आहे. ऑर्गनच्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी तो फॅन्सीला मागणी घालतो. गाडी-घोडे, पियानो, चांगली सोबत या कल्पनांनी फॅन्सीचे डोके फिरते, आणि डिकशी लग्न ठरलेले असूनही ती हो म्हणून बसते. दुसऱ्या दिवशी पाद्र्याची डिकशी पुलावर गाठ पडते. डिक भोळेपणाने आपल्या ठरलेल्या लग्नाची बातमी सांगतो. पाद्री माघार घेतो, फॅन्सीही पत्र पाठवून शब्द परत घेते. त्याला सर्व काही सांगून टाक, तो क्षमा करील, एवढा सल्ला मेबोल्ड तिला देतो. ज्या पाद्र्याने लेखकाच्या घराला दुखावले त्याला लेखकाने प्रेमात हरवले आणि वर सज्जनपणा बहाल केला. सूड घ्यायचाच तर यापेक्षा सभ्य प्रकार मला माहीत नाही.

फॅन्सी तो सल्ला पाळत नाही. कादंबरीचा शेवट सर्वांना आठवतो तो झाडाखालच्या नाचाने, पण प्रत्यक्षात ती संपते घरी जाणाऱ्या गाडीत. आपल्यात आता कोणतेही गुपित नाही, असे डिक आनंदाने बोलत असतो. जवळच्या झाडीत नाइटिंगेल पक्षी गात असतो. फॅन्सी होकार देते आणि मनात म्हणते की एक गुपित आहे, ते ती कधीच सांगणार नाही. काहींनी या शेवटात पुढच्या हार्डीची सावली पाहिली आहे. लग्नाच्या रात्री सांगितलेले गुपित टेसचा सर्वनाश करते हे आपण जाणतोच. मला त्यात सावलीपेक्षा हिशेब अधिक दिसतो. टेस सांगते आणि शोकांतिका होते, फॅन्सी सांगत नाही म्हणून सुखान्त होतो. हलकी कादंबरी हलकी राहते ती कोणीतरी तोंड मिटून घेतल्यामुळे. हार्डीला हे तत्त्व पहिल्याच प्रयत्नात उमगले होते.

लेस्ली स्टीफनने ही कादंबरी वाचून त्याच्याकडे 'कॉर्नहिल'साठी लेखन मागितले, आणि त्यातून १८७४ साली 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' आली. त्यापुढचा हार्डी अभ्यासक्रमात आहेच. १९१२ साली आपल्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती काढताना त्याने या पुस्तकाच्या प्रस्तावनेला एक पुरवणी जोडली. तीत त्याने कबूल केले की त्या वादकांचे वास्तव अधिक खोल, अधिक गंभीर लेखनाला पुरले असते, आणि आपण ते फार हलके, कुठे कुठे तर प्रहसनासारखे हाताळले. त्या काळच्या परिस्थितीत दुसरे काही शक्य नव्हते, असेही तो सुचवतो. बहात्तर वर्षांच्या लेखकाचा हा पश्चात्ताप समजण्यासारखा आहे, पण तो पूर्णपणे मान्य करावा असे मला वाटत नाही. या वादकांवर शोकांतिका लिहिली असती तर ते प्रतीके झाले असते : नष्ट होणाऱ्या ग्रामसंस्कृतीची प्रतीके, वगैरे. विनोदामुळे ते माणसे राहिले. पेनी हा चांभार पायाच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावरून माणूस ओळखतो. म्हातारा विल्यम तारवाद्यांच्या बाजूने आणि क्लॅरिनेटच्या विरुद्ध इतक्या गांभीर्याने बोलतो, की जणू राज्याचा प्रश्न आहे. या माणसांच्या गप्पांत त्या संगीताची जेवढी तांत्रिक, घरगुती, हाताळलेली माहिती टिकली तेवढी एखाद्या विलापिकेत टिकली नसती.

१८९६ च्या प्रस्तावनेत हार्डी एक निरीक्षण नोंदवतो. ताफे काढून एकटा वादक बसवला, त्यामुळे पाद्र्यांच्या स्वतःच्याच हेतूला बाध आला. पूर्वी दर रविवारी सहा ते दहा वादक आणि त्यांच्याबरोबरचे गाणारे चर्चच्या कामात गुंतलेले असत. ते गेले आणि त्यांच्याबरोबर गावाचा चर्चशी असलेला आपलेपणा गेला. ही टीका श्रद्धाहीन माणसाची आहे, आणि तरीही ती बिनतोड आहे.

हार्डी कुटुंबाच्या स्वरलिपीच्या वह्या डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात आहेत. सज्ज्यातल्या या संगीताचा शोध घेणाऱ्यांची एक संघटना इंग्लंडमध्ये १९९० साली स्थापन झाली आणि हौशी मंडळी पुन्हा त्या चाली वाजवू लागली. अशा वह्यांविषयी हार्डीने प्रस्तावनेत एक तपशील दिला आहे. वादक वहीच्या एका टोकाकडून देवाची भजने उतरवीत, आणि तीच वही उलटी करून दुसऱ्या टोकाकडून नाचाच्या चाली. पाने भरत जात, आणि मध्ये कुठेतरी भजन आणि नाच एकमेकांना येऊन भिडत.